धागा : आभाराचा घरचा केक – बिनअंड्याचा, बिनओव्हनचा, एसटीत टिकणारा

कपाशीचं_बोंड
डिसेंबरअखेर पंचवीसेक जणांना आभार म्हणून घरचा केक द्यायचा आहे. आशाताई, अंगणवाडीच्या मदतनीस, लाईनमन, पोस्टमन, दूध संकलन केंद्रावरचे, शाळेतले गुरुजी. बरेचसे गावातच, काही तालुक्याला, दोन-तीन एसटीने. ओव्हन नाही; गॅस आहे, चूल आहे. क्रीमचा नको. प्रत्येकी अर्धा किलो धरून प्रमाण, भाजण्याची रीत आणि बांधाबांध कशी करायची ते सांगा. सोनपापडीचे डबे या घरून त्या घरी फिरतच असतात, त्यात आपली भर नको.

संत्रापट्टा
डिसेंबर आहे, तर आंबिया बहाराचं, म्हणजे याच हंगामात उतरणारं, संत्रं सोडून दुसरीकडे बघायचं कारण नाही. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी, कुठूनही मिळेल. खाली दिलेलं प्रमाण एका बारचं, म्हणजे विटेसारख्या लांबट केकचं, आहे. भाजून ५५० ते ६०० ग्रॅम भरतो.

मैदा १५० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, आंबट नसलेलं घट्ट दही १२० ग्रॅम, वास नसलेलं तेल ७५ मिली, संत्र्याचा रस ६० मिली, एका संत्र्याच्या सालीचा किस, बेकिंग पावडर १ सपाट चहाचा चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, चिमूट मीठ. दालचिनी, जायफळ आणि सुंठ मिळून अर्धा चमचा. मनुका ४० ग्रॅम, टुटीफ्रुटी ४०, पाकवलेली संत्र्याची साल २०, काजूचे तुकडे २०. दूध २ ते ३ मोठे चमचे, लागेल तसं.

मैदा, पावडर, सोडा, मीठ, मसाला दोनदा चाळा. दही, साखर, तेल एकजीव होईपर्यंत फेटा. इथे कितीही फेटलं तरी चालतं. मग रस आणि किस. त्यानंतर मैदा दोन हप्त्यांत घालून उलथन्याने फक्त मिसळा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. मैदा ओला झाल्यावर घोटत बसलात तर केक रबरासारखा होतो आणि आत उभी भोकं पडतात. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं घट्ट हवं, लागेल तसं दूध घाला. सगळ्यात शेवटी मेवा.

सात इंच लांब, साडेतीन इंच रुंद साचा किंवा सहा इंची गोल भांडं घ्या आणि दोन तृतीयांशच भरा. साचा अॅल्युमिनियमचा असावा. स्टीलच्या डब्यात बूड करपतं आणि मध्य कच्चा राहतो.

झाडीकाठ
रसाबद्दल एक भर. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट व्हायला लागतो. बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात जो घटक असतो, त्याचं आंबट रसात लिमोनिन तयार होतं, त्याचा हा कडूपणा. म्हणून मिक्सर नको. संत्रं आडवं कापून हाताने पिळा, गाळणीवर चोथा रगडू नका आणि रस लगेच वापरा. आदल्या रात्री काढून फ्रिजमध्ये ठेवलेला रस केकात घातला की दोष मसाल्यावर जातो.

मेवा भिजवायलाही रस लागतो. भिजवून फार तर एक रात्र ठेवा, तेही फ्रिजमध्ये. रम फळं टिकवते तसा रस टिकवत नाही, दोन दिवसांत आंबतो. घाई असेल तर मनुका गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, निथळून, फडक्यावर कोरड्या करा.

कपाशीचं_बोंड
सालीचा किस करायचा तर फवारणीचं काय? आणि साल पाकवायची कशी?

संत्रापट्टा
बागवानाला सरळ विचारा, शेवटची फवारणी कधी झाली. औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, तेवढे दिवस गेलेले हवेत. बाजारातल्या चकचकीत फळावर मेण असतं, त्याच्या सालीचा किस नको, रस चालेल. बागेतलं हिरवट डागाचं, दिसायला गबाळं संत्रं किसायला उत्तम. कोमट पाण्यात हाताने चोळून धुवा, पुसा आणि फक्त नारिंगी थर किसा. पांढरं आलं की थांबायचं.

पाकवण्यासाठी दहा संत्र्यांची साल घ्या, आतले दोरे काढून टाका, अर्ध्या सेंटीमीटरच्या पट्ट्या करा. पाण्यात पाच मिनिटं उकळा, पाणी फेका, पुन्हा नव्या पाण्यात पाच मिनिटं. आपल्या संत्र्याची साल पातळ असते, दोन पाण्यांत कडूपणा जातो. मोसंबीच्या सालीला तीन-चार पाणी लागतील. निथळून वजन करा. तेवढीच साखर, साखरेच्या निम्मं पाणी, मंद आचेवर पट्ट्या काचेसारख्या पारदर्शक होईपर्यंत, साधारण वीस-पंचवीस मिनिटं. ताटात पसरून एक दिवस सुकवा. उरलेला पाक फेकू नका, केक साच्यातून काढल्यावर कोमट असतानाच ब्रशने वरून लावा. केकचा वरचा पापुद्रा मऊ राहतो.

भट्टीवाला_भाऊ
भाजण्याचं बोलू. कुकर वापरा असं सगळे सांगतात, शिट्टी आणि रबर काढून. पण कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कोरड्या उष्णतेने वितळतो, मग तो कुकर वरणभाताच्या कामाचाही राहत नाही. त्यापेक्षा जाड बुडाची लोखंडी कढई किंवा जुनं पातेलं घ्या. तळाला दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर स्टँड, वर घट्ट बसणारं झाकण. वाळू घेणार असाल तर चाळून, धुऊन, उन्हात कडक वाळवलेली. ओलसर वाळूची वाफ होते आणि केक वरून चिकट राहतो.

मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. साचा ठेवा, पाच मिनिटांनी आच अगदी मंद करा. बारला ४५ ते ५५ मिनिटं. पहिली निदान पस्तीस मिनिटं तरी झाकण उचलू नका. नंतर सुरी मध्यात घालून बघा, ओलं पीठ चिकटलं तर अजून सात-आठ मिनिटं. सुरी फळात गेली तर चिकटच येते, म्हणून दोन ठिकाणी बघायची.

कढईत वरून धग कमी, त्यामुळे माथा पांढुरका राहतो. तो कच्चा नसतो. रंग हवाच असेल तर भाजायच्या आधी वरून थोडी साखर आणि काजूचे काप भुरभुरा.

मीठ पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका, बरणीत भरून पुढच्या केकाला ठेवा.

वऱ्हाडी_ताटली
चुलीवर कराचा असन तं पेटत्या जायावर नोका करू बापा, निव्वय इंगयावर (निखाऱ्यावर) करा. खाली इंगय कमी अन् झाकनावर जास्त पाह्यजे. बाभयीचा इंगय लय टिकते. गोवरीवर रोडगे होतात म्हनून केक करसान तं तो धूर केकात शिरते. रोडग्याले तो वास शोभते, केकाले नाई. झाकनाच्या कडीले भिजवलेली कनीक थापून बंद करजा, मंग धूर आत जात नाई. अन् अर्ध्यावर भांडं अर्धं फिरवजा, चुलीच्या तोंडाकडली बाजू जास्त भाजते.

भट्टीवाला_भाऊ
कणकेचं बरोबर आहे. कणीक लावली की मात्र मधे उघडून बघता येत नाही, तेव्हा पहिला केक एकट्यानेच भाजून वेळ ठरवावी लागेल.

आता हिशोब बघा. पंचवीस बार, प्रत्येकी पन्नास मिनिटं, म्हणजे एका शेगडीवर वीस तासांहून जास्त. सिलिंडर आणि माणूस दोन्ही संपतील. तालुक्याच्या किंवा मोठ्या गावाच्या बेकरीत जा. नानकटाई भाजून देतात तसेच केकही भाजून देतात, पत्र्यामागे किंवा किलोमागे पैसे ठरवून. एक काम करा, भट्टीवाल्याला “पावाचा लॉट निघाल्यावरची धग” मागा. पावाला भट्टी कडक लागते, त्यात केक टाकला तर दहा मिनिटांत माथा काळा आणि आत राबडी. धग उतरली का, हे बघायला पत्र्यावर चिमूटभर मैदा पसरून आत ठेवा. मिनिटभरात करपला तर थांबा. दोन-तीन मिनिटांत बदामी झाला तर साचे लावा. जाळाच्या बाजूला पहिली ओळ लावू नका आणि पंचवीस मिनिटांनी पत्रा फिरवून घ्या. भट्टीचं तोंड उघडलं म्हणून केक खचत नाही, विटांची धग घरच्या कढईसारखी एकदम पडत नाही.

खारट_चहा
गावात एखाद्याकडे छोटा ओव्हन असेल तर तो मागून आणला की झालं की! पंचवीस केक दोन दिवसांत.

भट्टीवाला_भाऊ
व्होल्टेज मोजून मग आणा. विजेच्या ओव्हनची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. २३० ऐवजी १८० मिळालं तर उष्णता साधारण ६० टक्केच. शेतीपंप चालू असताना बटण १८० अंशावर ठेवलं तरी ओव्हन तिथवर पोचत नाही, केक फुगायच्या आधीच सोडा संपतो आणि बसकट वीट होते. ओव्हनच वापरायचा तर पंप बंद असतात तेव्हा, १६ अँपिअरच्या सॉकेटवर, पंधरा मिनिटं आधी तापवून. भाजणं चालू असताना लाईट गेली तर दार उघडू नका. शेवटच्या दहा मिनिटांत गेली तर आतल्या धगीवर केक निभावतो. आधी गेली तर साचा थेट तापलेल्या कढईत हलवावा लागतो, म्हणून कढई तयार ठेवा.

कपाशीचं_बोंड
पंचवीस केकांचं मिश्रण एकदम करून भट्टीवर न्यायचं का? बेकरी सात किलोमीटर आहे.

संत्रापट्टा
अजिबात नाही. दही आणि सोडा एकत्र आले की वायू लगेच सुटायला लागतो. सात किलोमीटर मोटरसायकलवर नेलेल्या मिश्रणात तो बराचसा रस्त्यातच जातो.

कोरडी पुडकी घरी बांधा. मैदा, साखर, पावडर, सोडा, मीठ, मसाला, एका बारचं एक पुडकं साधारण २६० ग्रॅम. मेव्याची वेगळी पुडी. पंचवीसला मैदा पावणेचार किलो, साखर अडीच किलो, दही तीन किलो, तेल दोन लिटरला थोडं कमी, मेवा तीन किलो, रस दीड लिटर. दीड लिटर रसाला चार किलोच्या आसपास संत्री लागतील. बेकरीतच एका वेळी सहा-आठ बारचं ओलं मिश्रण करा, पुडकी ओता, मिसळा, भरा, लगेच आत. साखर पुडक्यात घातल्यामुळे दह्यात आधी विरघळत नाही, म्हणून ती बारीक दळलेलीच हवी. संत्री बेकरीतच पिळायची, कारण वर झाडीकाठ यांनी सांगितलंच.

बेकिंग पावडरीचा डबा जुना असेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली पाहिजे. गावच्या दुकानात वर्षभर उघडा राहिलेला डबा बहुधा मेलेला असतो. सोडा तपासायचा तर लिंबावर.

खारट_चहा
मैद्याऐवजी लोकवन गव्हाचं पीठ, साखरेऐवजी गूळ, तेलाऐवजी साजूक तूप. हा जास्त आपला वाटेल ना?

झाडीकाठ
तिन्ही एकदम बदललंत तर केक न होता शिरा होईल. एकेक घ्या.

कणीक बारीक दळलेली, दोनदा मैद्याच्या चाळणीने चाळलेली, आणि निम्मी मैद्यात मिसळलेली. कोंडा पाणी पितो, त्यामुळे दोन-तीन चमचे दूध जास्त घाला आणि भाजायच्या आधी पाच मिनिटं थांबा, त्याहून जास्त नाही. ज्वारीचं पीठ एक चतुर्थांशापर्यंत. त्यात चिकटपणा नसल्याने पुढे केक कापताना भुगा होतो.

गूळ १२० ग्रॅम, पण बारीक किसून दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून, गाळून, थंड करून. खडे-माती निघतेच. चिक्कीचा गूळ घेऊ नका. रंग छान गडद येतो. गुळाचा केक मधुमेह्याला चालतो असं मात्र चिठ्ठीवर लिहू नका, तो चालत नाही.

तुपाच्या केकाला वास सुरेख, पण डिसेंबरात आपल्याकडे पहाटे दहा अंशांच्या आसपास थंडी असते. तूप थिजतं आणि दुसऱ्या दिवशी तोच केक कोरडा ठणठणीत लागतो. तेल थिजत नाही. वासापुरतं ७५ मधलं १५ मिली तूप करा, बाकी तेल. घाण्याचं शेंगदाणा तेल आणि जवस तेल दोन्ही नको, वास दालचिनीलाही दाबतो. लोण्यात पाणी असतं, ते घ्यायचं तर ९० ग्रॅम.

वऱ्हाडी_ताटली
मोहाच्या फुलाचं काय मंग? तुमच्याइकडं तं पोत्यानं असते.

झाडीकाठ
वाळलेला मोह मनुकांऐवजी निम्मा घालता येतो. आतले केसर आणि धूळ हाताने काढा, दोन पाण्यांनी धुवा, गरम पाण्यात वीस मिनिटं, पिळून फडक्यावर. बारसाठी २० ग्रॅमवर जाऊ नका, वास उग्र आहे. भिजवलेला मोह लवकर आंबायला लागतो, म्हणून भाजायच्या वेळीच भिजवायचा. आणि पेटीवर स्पष्ट लिहा, मोहाचा वास सगळ्यांना रुचत नाही.

चारोळी आत घालण्यापेक्षा वरून. जुनी चारोळी खवट असते. एक चावून बघा, मग पेरा.

कपाशीचं_बोंड
घरी कढईत एक बार लावून बघितला. मधून खचला, मेवा सगळा बुडाला आणि कडेला तांबूस-लालसर ठिपके. वरून साबणासारखी चव. रंगासाठी चिमूटभर हळद घातली होती.

संत्रापट्टा
लाल ठिपके आणि साबणाची चव, दोन्ही एकाच कारणाने. सोडा जास्त. हळद सोड्यात लाल होते, मग ती वायगावची असो की कुठलीही. पाव चमचा म्हणजे सपाट पाव, १२० ग्रॅम दह्याला तेवढाच सोडा पुरतो. जास्तीचा सोडा दह्यात मुरत नाही, तसाच चवीला उतरतो. सोड्याच्या गुठळ्या असतील तर चाळल्याशिवाय घालू नका, ठिपके त्यांचेच. हळद काढून टाका, संत्र्याच्या किसाने पुरेसा रंग येतो.

खचण्याचंही मूळ तेच. सोडा जास्त असला की केक पटकन फुगतो, पण आतलं पीठ शिजून उभं राहायच्या आधी भिंती फाटतात. मेवा बुडण्याची कारणं तीन, एकेक तपासा. मेवा ओला राहिला. तुकडे मोठे. मिश्रण पातळ. मनुकेपेक्षा मोठा तुकडा नको, कोरडा करून चमचाभर मैद्यात घोळवा, आणि दूध मेव्याच्या आधी, लागेल तेवढंच घाला. मेवा घातल्यावर मिश्रण चमच्यावरून सरसर घसरलं तर दूध जास्त झालं आहे.

माथा फुटून ज्वालामुखी झाला असता तर आच जास्त. तसं झालेलं नाही, म्हणजे आच ठीक आहे.

साडीचा_पदर
द्यायच्या बाजूने थोडं. मार्गशीर्षातले गुरुवार बहुतेक डिसेंबरातच येतात, त्या दिवशी बऱ्याच घरी उपास. गुरुवारी केक नेऊन दिला तर तो शुक्रवारी फोडला जातो, तो दिवस टिकण्याच्या हिशोबात धरा. “अंडं नाही” हे चिठ्ठीवर पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात. मग केल्याची तारीख, “चार दिवसांत संपवा”, आणि काजू आहे ही सूचना. शेंगदाणा असेल तर तोही. आभाराची ओळ नेमकी हवी: “पुराच्या आठवड्यात घरोघर आलात”, “रात्री तार जोडलीत”. नुसतं “शुभेच्छा” लिहिलं तर सोनपापडी आणि केकात फरक तो काय.

ज्यांच्याकडे आपलं काम अडलेलं आहे अशा कचेरीत काम होईपर्यंत केक नेऊ नका. सातबारा हातात आल्यावर न्या आणि टेबलावर सगळ्यांसाठी ठेवा.

भट्टीवाला_भाऊ
बांधाबांध. केक साच्यात दहा मिनिटं, मग उलट्या चाळणीवर किंवा जाळीवर निदान तीन-चार तास. ताटात ठेवला तर बुडाला घाम सुटतो. आत थोडी जरी ऊब असताना कागद गुंडाळला तर वाफ कागदावर जमते आणि तिसऱ्या दिवशी कडेला पांढरी बुरशी. हे शंभरात नव्वद वेळा घाईनेच होतं.

थंड होत असताना मुंग्या. जाळीचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा. वर पातळ मलमल, झाकण नाही.

पहिला थर बटर पेपर. वर्तमानपत्र केकला थेट लावू नका, शाईत शिसं आणि इतर रसायनं असतात, तेलकट केक ती ओढून घेतो. दुसरा थर प्लास्टिक फिल्म किंवा स्वच्छ पिशवी, हवा काढून. मग पुठ्ठ्याची पेटी, केकपेक्षा बोटभरच मोठी. मोकळी जागा राहिली तर बटर पेपर चुरगळून भरा. स्टेपलरची पिन कुठेही नको, सुतळी बांधा.

साडीचा_पदर
एसटीने जाणाऱ्या दोघा-तिघांना गोल नको, बारच पाठवा. गोलाची कड आधी ढासळते. आणि पाकाचा हात दोनदा फिरवा, माथ्याचा थर चिवट होतो, भुगा पडत नाही. पेटीवर “वरची बाजू” असा बाण काढला तरी डिक्कीत ती आडवी पडणारच, तेव्हा केक घट्ट बसलेला हवा. इंजिनाच्या बाजूच्या कप्प्यात ठेवू देऊ नका.

कपाशीचं_बोंड
तारखा कशा धराव्यात? नाताळला द्यावे की एक तारखेला?

भट्टीवाला_भाऊ
नाताळच्या आधीचे तीन-चार दिवस तालुक्याच्या बेकऱ्या स्वतःच्या केकांत गुंतलेल्या असतात, दुपारची धग मिळणार नाही. वर्षअखेर धरा. २६ ला पुडकी आणि साल तयार. २८ ला दुपारी भट्टी, रात्रभर जाळीवर. २९ ला सकाळी बांधा आणि एसटीचे त्याच दिवशी रवाना करा. गावातले ३० ला. भट्टीवाल्याला आजच सांगून ठेवा आणि साचे मोजून घ्या. त्याच्याकडे बहुधा पाऊण किलोचे असतात, त्यात आपलं मिश्रण अर्ध्यावरच राहतं आणि बार चपटा होतो. कागदी बार साचे नागपुरात इतवारीच्या बाजारात शेकड्याने मिळतात, भाजून त्यातच देता येतं.

संत्रापट्टा
कागदी साचे घेतलेत तर पत्र्यावर एकमेकांना चिकटवून लावू नका, दोन बोटं जागा सोडा. चिकटले तर मधल्या भिंती कच्च्या राहतात. आणि २८ ची एक खेप पंचवीसऐवजी सत्तावीसची करा. एक भट्टीवाल्याचा, एक कापून बघायचा.